ओकुमुरासाहेबांचे कोल्हे

ओकुमुरासाहेबांच्या देवापुढचं पाणी मला बदलायचं होतं. वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तांदूळ, रोज सकाळी, बारा दिवस. एवढ्याशा कामापायी समोरच्या इमारतीच्या राखणदाराशी माझं बोलणं बंद झालं, घरात माझ्या मताला जी काही किंमत होती ती पार उतरली, आणि एका जपानी कोल्ह्याला डावा डोळा गमवावा लागला.

मी कुवेतमध्ये, मीना अब्दुल्ला या गावातल्या रिफायनरीत एका जपानी कंपनीच्या कंत्राटावर इन्स्पेक्शन इंजिनिअर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगमध्ये खोट काढायची आणि खाली सही करायची. ओकुमुरासाहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. साठीचे, सडपातळ, आणि बोलणं इतकं मोजकं की त्यांनी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर त्यात काही सूचना होती का, यावर आम्ही चहाला चर्चा करतो. फहाहीलला आमच्या समोरच्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर, ते एकटे राहतात. आठ वर्षांत आमचा शेजारधर्म म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांपुढे मान लववणं.

त्या गुरुवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचा प्रोजेक्ट दोन महिन्यांत संपत होता आणि पुढच्या प्रोजेक्टवर कोणाला घ्यायचं याची यादी ओकुमुरासाहेब करणार होते. यादीत नाव नसलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो. तो संपला की सामान बांधायचं आणि नाशिक गाठायचं. आमची जुईली दहावीत. ऐन वर्षात तिची शाळा मोडायची, हा विचार शामला आणि मी एकमेकांपासून लपवून आळीपाळीने करत होतो.

साहेबांनी टेबलावर एक किल्ली ठेवली. तिच्या शेजारी एक कागद ठेवला.

“मुलीचं लग्न आहे, बिवलकर-सान. ओसाकाला. मी बारा दिवस नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. “घरात छोटं मंदिर आहे. इनारी. तांदळाचा देव. पुढे व्यापाराचाही झाला. भरभराट देतो. त्याची रोजची व्यवस्था तुम्ही बघाल का?”

मी हो म्हणालो. यादी करणाऱ्या माणसाला आपण एवढंच म्हणू शकतो.

कागदाचं शीर्षक होतं ‘गृहमंदिर : दैनंदिन कार्यपद्धती, सुधारित आवृत्ती २’. पाणी किती मिलिलिटर, तांदूळ किती ग्रॅम, सगळं होतं. एका कलमात म्हटलं होतं की महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला दोन्ही फुलदाण्यांत साकाकी नावाच्या झाडाच्या ताज्या फांद्या ठेवाव्यात. ते झाड कुवेतमध्ये मिळत नसल्याने कोनोकार्पस चालेल. कोनोकार्पस म्हणजे इथे रस्त्यारस्त्याला कुंपणाला लावलेलं ते हिरवं झुडूप. दुसऱ्या कलमात एका पांढऱ्या सुरईचा उल्लेख होता.

“तिच्यात जपानमध्ये तांदळाची दारू ठेवतात,” साहेब म्हणाले. “इथे साधं पाणी. देवाला कुवेतचा कायदा माहीत आहे.”

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मीही गंभीरपणे ‘नोटेड’ म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मी एकटा जाऊन आलो. हॉलमध्ये एक टेबल, एक खुर्ची, ओट्यावर एक कप. आठ वर्षांचा संसार तेवढाच. भिंतीवर, डोक्यापेक्षा जरा उंच फळीवर, वीतभर उंचीचं लाकडी देऊळ होतं. रंग नाही, नक्षी नाही, काडेपेटीएवढी दारं आणि तीही बंद. दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे दोन पांढरे चिनीमातीचे कोल्हे, टोकदार कानांचे, अरुंद डोळ्यांचे. माझ्या कामाची तपासणी करायला बसल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. मी पाणी बदललं, मीठ बदललं, तांदूळ बदलले, नमस्कार केला आणि घरी आलो. कार्यपद्धतीप्रमाणे प्रकरण इथे संपायला हवं होतं.

“कशाचा देव आहे म्हणालास?” नाश्त्याला शामलाने विचारलं.

“भरभराटीचा.”

हे उत्तर मी पोहे खाता खाता, बेसावधपणे दिलं. शामला इथल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये आहे. समोरच्या माणसाच्या नमुन्यात काय दडलंय हे शोधून काढायची तिला सवय आहे.

“मग तू काय मागितलंस?”

“मी पाणी बदललं.”

“ते कळलं. मागितलं काय?”

“मागायचं कशाला? कागदात ते कलम नाही.”

शामलाने डिशमध्ये चमचा ठेवला. “दोन महिन्यांनी आपला इकामा संपतोय. साहेब यादी करतायत. साहेबांच्या घरी भरभराटीचा देव आहे. त्याच्यापुढे तुला एकट्याला किल्ली देऊन उभं केलंय. आणि तू पाणी बदलून परत आलास.”

असं ओळीने मांडल्यावर माझं वागणं मलाही जरा वेडगळ वाटायला लागलं.

शनिवारी शामला आणि जुईली माझ्याबरोबर आल्या. मी नमस्कार करायला हात जोडले तर जुईलीने मला थांबवलं. “डॅड, नॉट लाइक दॅट. टू बोज, टू क्लॅप्स, वन बो.” जपानी कार्टून बघते म्हणून मी चार वर्षं या मुलीला बोललो होतो. आता तिने मला भिंतीपुढे उभं करून दोनदा वाकायला, दोनदा टाळ्या वाजवायला आणि पुन्हा एकदा वाकायला लावलं, आणि माझ्या टाळ्या एका लयीत नाहीत म्हणून सगळं परत करून घेतलं.

शामलाची हरकत वेगळीच होती. “हे तांदूळ कच्चे आहेत.”

“कच्चेच ठेवायचे असतात.”

“बारा दिवस?”

मी कागद दाखवला. तिने तो वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला, आणि रविवारी सकाळी साजूक तुपातला शिरा केला. जुईलीने माहिती पुरवली की इनारीच्या कोल्ह्यांना तळलेलं टोफू आवडतं, म्हणून मी सुपरमार्केटमधून टोफू आणलं. शामलाने ते तळलं आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी घातली. “मॉम, नो,” जुईली म्हणाली. पण हिंगाशिवाय काहीही घराबाहेर पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्या दिवशी एक तारीख होती. शामला वाट्या भरत होती तोवर मी कोनोकार्पस आणायला खाली उतरलो. बावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला, सहीचा अधिकार असलेला माणूस दिवसाढवळ्या सरकारी कुंपणाची फांदी मोडतो तेव्हा तो कसा दिसतो हे मला कळणं शक्य नव्हतं. ते कळलं मागून “ओ भाई साब” अशी हाक आली तेव्हा. पिवळं जाकीट घातलेला एक दाढी पिकलेला बांगलादेशी माळी हातात कात्री घेऊन उभा होता. मी हिंदीत, थोड्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा घामात माझी बाजू मांडली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ये तो आज काटना ही है,” आणि मला दोन्ही हातांत मावणार नाही एवढा भारा कापून दिला. नको म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

असा मी हातात झुडूप घेऊन वर आलो, आणि शामला दोन झाकलेल्या वाट्या घेऊन घरातून निघाली तोच लिफ्टपाशी द्वारकाकाकू भेटल्या.

द्वारकाकाकू म्हणजे आमच्या मजल्यावरच्या सुयोगच्या आई. परभणीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. म्हणून काकू कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतात आणि लिफ्टचं दार उघडलं की आत कोण आहे त्याची चौकशी करतात.

“काय गं शामला, झाकून काय न्यायलीस?”

शामलाने सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही असं नाही. माझी बाजू राखण्यासाठी बोलता येत नाही.

“जपानी देव?” काकूंनी माझ्या हातातल्या झुडपाकडे आदराने पाहिलं. “आमच्या सुयोगचं बी बघा म्हणावं की. लेकरू चारदा नापास झालंय त्या गाडीच्या परीक्षेत. इंजिनिअर हाय म्हणून सांगायची सोय राहिली नाही.”

मी म्हणालो की घर परक्याचं आहे, किल्ली विश्वासाने दिलेली आहे, आणि आपण तिसऱ्या माणसाला... माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत लिफ्ट खाली पोचली होती आणि काकू चपला घालून आमच्या पुढे होत्या.

सोमवारी त्या सुयोगला घेऊन आल्या. तिशीतला भला मुलगा. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची म्हटलं की त्याची गाडी मागे येते आणि परीक्षक डोळे मिटतात. त्याने जुईलीच्या देखरेखीखाली वाकून, टाळ्या वाजवून, पुन्हा वाकून सगळं रीतसर केलं. मंगळवारी तो पास झाला.

इथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. मी सगळ्यांना सांगून पाहिलं की सुयोगने गेला महिनाभर रोज पहाटे चढावर सराव केला होता, पाचव्यांदा माणूस पास होणं ही काही अलौकिक घटना नाही. सुयोगनेसुद्धा तसं सांगितलं. त्याच्या आईने त्याला गप्प बसवलं.

बुधवारी संध्याकाळी नऊ जण आले. गुरुवारी सोळा. नेहा नावाच्या नर्सला हॉस्पिटलच्या दुसऱ्या वॉर्डात बदली हवी होती. एका नाशिककराला बायकोचा व्हिसा हवा होता. शामलाच्या क्लिनिकमधली जवेरिया आली. ती रत्नागिरीची, पण जन्म आणि शाळा कुवेतमधली, त्यामुळे अरबी अस्खलित. “माझं देवाकडे काही काम नाही हां,” ती दारातच म्हणाली, “मी शिऱ्यासाठी आलेय,” आणि थेट ओट्यापाशी शामलाला मदत करायला गेली.

गर्दी झाली की आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या संग्राम घोरपड्यांना राहवत नाही. ते कोल्हापूरचे, अर्दियाला एका गोदामाचे प्रमुख. माणूस दिसला की तो कुठल्या रॅकवर ठेवावा असं त्यांना वाटतं. गोदामात मालाला लावायचे नंबरचे बिल्ले ते पिशवीभर घेऊन आले आणि दारात उभे राहून वाटायला लागले.

“लक्ष्मीकांतराव, तुम्ही आता मध्ये पडू नका,” ते मला म्हणाले. “एका वेळी चार जण आत. बाकीचे भिंतीला लागून. चपला बाहेर, जोडीने, टोकं रस्त्याकडे.”

ज्या घराची किल्ली माझ्या खिशात होती त्या घरात मला सात नंबरचा बिल्ला मिळाला.

गुरुवारी सगळे गेल्यावर मी आवराआवर करत होतो. केर काढला, वाट्या धुतल्या, आणि सहज वर बघितलं. दोन्ही कोल्ह्यांच्या कपाळांवर हळद-कुंकू होतं. ठसठशीत, सुवासिनीला लावतात तसं.

“द्वारकाकाकूंनी लावलं,” शामला म्हणाली. “मला वाटलं, तुला विचारलं असेल.”

उजवा कोल्हा ओल्या फडक्याने स्वच्छ झाला. डाव्याच्या कपाळावर गुलाबी डाग राहिला. मी साबण लावला. लिंबू लावलं. खाण्याचा सोडा लावला. प्रत्येक उपायाने डाग पसरत गेला, आणि कोल्हा आता लाजल्यासारखा दिसायला लागला. तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. रंग काढायला सॉल्व्हंट लागतो. मी शामलाच्या पर्समधून नेलपॉलिश काढायचं द्रावण घेतलं, कापसाने हळूच एकदा पुसलं. डाग गेला. डावा डोळाही गेला.

यादी, इकामा, दहावी, नाशिक, सगळं त्या एका कोऱ्या जागेत मला स्पष्ट दिसत होतं.

“गिव्ह इट टु मी,” जुईली म्हणाली. तिने घरून काळा बारीक पेन आणला, श्वास रोखला आणि डोळा काढला. चांगला काढला होता. फक्त मूळचा डोळा अरुंद आणि करडा होता. हा जरा मोठा झाला होता. त्या बाजूने पाहिलं की कोल्ह्याला नुकतीच काहीतरी आनंदाची बातमी कळल्यासारखं वाटे.

खाली उतरलो तर दारात हारिस उभा. इथे इमारतीच्या राखणदाराला हारिस म्हणतात. हा अबू फतही, इजिप्तचा, भारदस्त मिशीचा. सातव्या मजल्यावर सोळा जोड चपला त्याने स्वतः मोजल्या होत्या. कुटुंबांच्या इमारतीत एकट्या पुरुषांना खाटा भाड्याने देणं इथे मना आहे, आणि जपानी साहेबाच्या माघारी मी तोच धंदा मांडलाय अशी त्याची खात्री झाली होती.

माझं अरबी भाजीबाजारापुरतं आहे. मी हात हलवून म्हणालो, “ला, ला. फक्त मय्या, रुज्ज, मल्ह.” म्हणजे पाणी, तांदूळ, मीठ. हे तीनच शब्द मला त्या प्रकरणातले येत होते.

त्याने ते मनातल्या मनात जुळवले. माझ्या हातातलं शिऱ्याचं रिकामं पातेलं पाहिलं. मग त्याचे डोळे चमकले. “मतअम,” तो म्हणाला. म्हणजे खानावळ. पुढे तो जे बोलला त्यातला ‘मंदूब’ एवढाच शब्द मला कळला. मंदूब म्हणजे मालकाच्या वतीने कागदपत्रं सांभाळणारा माणूस. तो आला की प्रकरण तोंडी राहत नाही.

मी ठरवलं की शुक्रवारी कोणालाही येऊ द्यायचं नाही. तसं मी संग्रामरावांना फोनवर निक्षून सांगितलं. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण उद्या सुट्टी आहे, चोवीस जणांना आधीच वेळ देऊन झालीय. आता नाही म्हटलं तर गोंधळ होईल.”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला दृश्य असं होतं. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून रांग. संग्रामराव दारात. जुईली फळीखाली उभी राहून पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांना टाळ्या शिकवत होती. द्वारकाकाकू घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून आलेल्या प्रत्येकाला सुयोगची हकिगत पहिल्यापासून सांगत होत्या. ओट्यापाशी शामला आणि जवेरिया. आणि मी लिफ्टच्या दाराकडे डोळे लावून, मंदूब आला तर काय बोलायचं याची अरबीत जुळवाजुळव करत हॉलच्या मधोमध.

“चौदा, पंधरा, सोळा, सतरा, आत या,” संग्रामरावांचा आवाज आला. चार जण आत आले. तीन ओळखीचे होते. चौथे ओकुमुरासाहेब होते.

त्यांच्या एका हातात प्रवासाची बॅग होती, दुसऱ्यात सतरा नंबरचा बिल्ला. बूट त्यांनी बाहेर काढून जोडीने, टोकं रस्त्याकडे करून ठेवले होते. ते चार दिवस आधी परतले होते, आपल्या दाराशी रांग बघून शेवटी उभे राहिले होते, आणि संग्रामरावांनी त्यांना बिल्ला देऊन, पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवा, असं सांगितलं होतं. ते त्यांनी ठेवलं होतं.

साहेबांनी मला बघून मान लववली. मी लववली. मग ते आपली पाळी येईपर्यंत थांबले, फळीपुढे गेले, दोनदा वाकले, दोनदा टाळ्या वाजवल्या, आणि शेवटचं वाकणं करून सरळ झाल्यावर त्यांची नजर डाव्या कोल्ह्यावर थांबली. ती तिथे बराच वेळ राहिली. जुईली डोळा काढताना घाबरली नव्हती एवढी आता घाबरलेली दिसत होती.

“आय ड्रू द आय,” ती म्हणाली. “आय ॲम सॉरी.”

“डोळा मी पुसला,” मी घाईने म्हणालो. “तो माझ्या हातून गेला.”

“अन् कुंकू म्या लावलं,” द्वारकाकाकू खुर्चीवरून मराठीतच म्हणाल्या. काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं होतं.

ओकुमुरासाहेब तिघांकडे आळीपाळीने बघत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी लिफ्ट उघडली. अबू फतही पुढे, मागे फाइल घेतलेला मंदूब. रांग दुभंगली. मंदूबने हॉलवर नजर फिरवली, शिऱ्याच्या पातेल्यावर थांबवली, आणि अरबीत काहीतरी विचारलं.

“खानावळीचं लायसन्स कुठाय, विचारतोय,” जवेरिया झारा हातात घेऊनच पुढे आली.

“कृपया त्यांना सांगा,” ओकुमुरासाहेब तिला इंग्रजीत म्हणाले, “हे माझं घर आहे. हे माझे पाहुणे आहेत.”

जवेरियाने सांगितलं. मंदूबने विचारलं, सगळे? साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. संग्रामराव, नाशिककर, नर्स नेहा, निवृत्त प्राध्यापक, अशा एकवीस अनोळखी माणसांवरून नजर फिरवून ते म्हणाले, “सगळे.”

मंदूब तसा समंजस माणूस होता. त्याच्यासाठी जवेरियाने खुर्ची मागितली, द्वारकाकाकू उठल्या, आणि तो शिरा खायला बसला. दुसऱ्या वाटीनंतर त्याने निर्णय दिला. घरात पाहुणे येऊ शकतात. पण एका वेळी दहाच्या वर नकोत आणि कॉरिडॉरमध्ये एकही चप्पल नको. अबू फतहीने वाटी घेतली नाही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू फसवला गेला तो तोच. आणि तेव्हापासून तो माझ्या सलामाला उत्तर देत नाही.

लोक हळूहळू पांगले. ओकुमुरासाहेब ओट्याला टेकून उभ्याउभ्या शिरा खात होते. मी त्यांच्यापुढे उभा राहून माफीचं भाषण सुरू केलं. आठ वर्षांच्या सेवेचा उल्लेख त्यात होता. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“लग्न छान झालं,” ते म्हणाले. “मुलगी नवऱ्याबरोबर गेली. घरात मी होतो आणि फ्रीज होता. चार दिवस तिथे बसून काय करायचं? म्हणून आलो.” त्यांनी वाटीतला बेदाणा चमच्याने एका बाजूला घेतला. “या घरात मी सोडून आतापर्यंत फक्त एसीवाला आला होता. दोनदा.”

द्वारकाकाकूंनी त्यांच्या वाटीत आणखी शिरा वाढला आणि “वाळलंय लेकरू,” असं मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. लेकरू त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असेल.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही घरी यादीची वाट बघत काढले. साहेब पाहुण्यांसमोर सभ्य वागले म्हणजे यादीतही वागतील असं नाही. परक्याच्या देवघरात मी जत्रा भरवली होती आणि कोल्ह्याचा डोळा पुसला होता. मी त्यांच्या जागी असतो तर मला कसलीही किल्ली दिली नसती, प्रोजेक्टवर घेणं दूरच.

रविवारी सकाळी बोलावणं आलं. मी शर्टाचं वरचं बटण लावून केबिनमध्ये गेलो.

“बसा, बिवलकर-सान. यादी आज जाहीर होईल. तुमचं नाव आहे. तीन वर्षं.”

मी खुर्चीचा हात धरला. “सर, ते सगळं बघूनही...”

“काय बघून?” त्यांनी भुवया वर केल्या. “यादी मी जपानला जायच्या आदल्या दिवशी पाठवली. किल्ली दिली तेव्हा मला वाटलं, तुम्हाला अंदाज आला असेल. ज्याला ठेवायचं नाही त्याला मी किल्ली कशी देईन?”

एक मिनिटाची परवानगी घेऊन मी बाहेर आलो आणि शामलाला फोन लावला. नाव आहे, तीन वर्षं, एवढं सांगितलं. मग तिने नाक पुसल्याचा आवाज आला. मी खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. यादी आधीच गेली होती, शिऱ्याचा, टोफूचा आणि टाळ्यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

“आधीच पाठवली होती?” शामला म्हणाली. “बघ. मागायच्या आधीच दिलं त्याने.”

मी पुन्हा आत गेलो.

साहेबांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला होता. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. “आता गंभीर विषय,” ते म्हणाले. “येत्या शुक्रवारी किती लोक येतील?”

“सर, आता कोणीच येणार नाही. मी सगळ्यांना बजावलंय.”

“का?” त्यांचा चेहरा पडलेला मी प्रथमच पाहिला. “मी सहा खुर्च्या मागवल्या आहेत.”

तो त्यांच्या हॉलचा आराखडा होता. मापासकट, स्केलमध्ये, शाईने. दाराच्या आत चपलांचा रॅक, दहा जोडांचा. बाणांनी दाखवलेली रांग, जायची वेगळी वाट, सहा खुर्च्या, ओट्याशी शिऱ्याचं टेबल. फळीखाली ‘प्रशिक्षक’ असं लिहून जुईलीची जागा. कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या सहीसाठी चौकट.

“तुम्ही इन्स्पेक्शनचे आहात,” ते म्हणाले. “तपासा.”

मी चष्मा पुसला आणि नीट तपासलं. रॅक दाराला अडत होता. तो वीतभर सरकवायला सांगितला. शिऱ्याचं टेबल गॅसच्या फार जवळ होतं. मग मला दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, एक छोटं वर्तुळ दिसलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं ‘यजमान’.

“हे इथे का, सर?”

“आत जास्तीत जास्त दहा. मी धरला तर अकरा होतात,” ते म्हणाले. “म्हणून मी बाहेर उभा राहीन.”

मी लाल पेन घेतलं. आठ वर्षांत त्यांच्या हातच्या ड्रॉइंगवर मी एकही शेरा मारला नव्हता. वर्तुळावर काट मारली, बाण काढून ते आत आणलं, शामलाचं टेबल आणि द्वारकाकाकूंची खुर्ची यांच्या मधल्या जागेत, आणि समासात लिहिलं : यजमानाची जागा चुकली आहे. आत घ्यावे. पाहुणे नऊ.

ओकुमुरासाहेबांनी शेरा वाचला. पट्टी घेतली, नव्या जागेचं माप घेतलं, एक माणूस बसेल एवढी ती आहे का हे दोनदा बघितलं. मग खाली ‘मान्य’ असं लिहून सही केली, आणि कागद माझ्याकडे फिरवला, माझ्या सहीसाठी.